नऊची शाळा सात वाजता का?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

संक्रांतीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे नुसती पळापळ, धाकटीचं बोरन्हाण, त्याची बोरं-चुरमुरे-उसाचे करवे आणायचे, माझं हळदीकुंकू, मोठ्याचं गॅदरिंग, आणि दोघांची नाकं वाहतायत ते वेगळंच. हे सगळं चालतं हो, हौसेनं करतो. पण रोज सकाळी पावणेसहाला त्या पहिलीतल्या पोराला गोधडीतून ओढून काढायचं, कानटोपी घालून अंधारात रिक्षाची वाट बघत उभं करायचं, हे काही बघवत नाही, आणि नाशिकची जानेवारीतली थंडी काय असते ते तुम्हाला मी काय सांगू.

सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्येच जीआर काढलाय ना, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून? आमच्या शाळेत विचारलं तर म्हणे दुसरी शिफ्ट असते, रिक्षावाल्यांचं जमत नाही. अडचण खरी असेलही, पण निदान डिसेंबर-जानेवारी तरी तासभर उशिरा भरवा की! काल पोरगं डब्यातली तिळाची वडी हातात धरून रिक्षातच झोपलं.

- एक आई, नाशिक