जुन्या द्राक्षवाणांच्या जतनाचा हिशेब

महोदय,

द्राक्षाचे जुने स्थानिक वाण टिकले पाहिजेत, यावर सगळ्यांचे एकमत असते. खर्च कोणी उचलायचा, इथे गाडे अडते. धान्याचे बी शीतगृहात ठेवले की बरेचसे काम भागते. द्राक्षाचे तसे नाही. बी पेरले तर मूळ वाणाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. वाण टिकतो तो काडीने. म्हणजे जिवंत वेल, तारा, छाटणी, फवारणी हा खर्च दरवर्षीचा.

म्हणून पैसा आधी डीएनए तपासणीवर घाला. एकाच वाणाला चार गावांत चार नावे असतात; न तपासता लावला तर तो चारदा पोसला जातो. मग विषाणू तपासणी. लीफरोल या पाने वळवणाऱ्या विषाणुरोगाने बाधित काडी निरोगी खुंटावर बांधली की रोग कलमाबरोबर पुढे जातो. पानांच्या कडा खाली वळतात, मणी उशिरा रंगतात, साखर कमी भरते आणि दोष मात्र वाणाला लागतो. हा अन्याय आहे.

जागेचाही विचार हवा. फ्रान्समधला वासालचा द्राक्षवाणांचा मोठा संग्रह १९४९मध्ये समुद्राकाठच्या वाळूत उभारला गेला, कारण वेलीची मुळे खाणारी फिलॉक्सेरा ही कीड वाळूत टिकत नाही.

शेतकऱ्याकडून जतन करून घ्यायचे तर अनुदान क्षेत्रावर नको, मोजलेल्या जिवंत वेलींवर द्यावे. पहिली तीन वर्षे, पीक हाती येईपर्यंत, ते जास्त असावे. प्रत्येक वाणाच्या पाच-सहा वेली हव्यात, त्याही दोन वेगळ्या ठिकाणी.