मेलेला सेल बदलणार कोण?

मा. संपादक,

मिरजेत माझं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं शिशाच्या प्लेटा आणि ॲसिडमध्ये गेली. आता इलेक्ट्रिक स्कूटरचे पॅक येतात. उघडले की पेटी, वायरिंग इथलं. सेलवर मात्र चिनी अक्षरं. देशात ५० गिगावॅट-तास क्षमतेचे सेल बनावेत म्हणून केंद्राने २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना आणली. चांगलंच आहे. पण सगळा पैसा कारखान्यांतच का? गेल्या महिन्यात एका दूधवाल्याला दोन-चार मेलेल्या सेलपायी अख्खा पॅक बदलायला सांगितलं. त्याची वर्षाची बचत गेली! सुटे सेल आणि ते जोडायचं प्रशिक्षण आमच्यासारख्या गल्लीतल्या मेकॅनिकलाही द्या. वय बावन्न आहे, तरी पहिल्या बाकावर बसेन.

– एक बॅटरीवाला, मिरज