नास्तिकही घरातूनच घडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घरातले देवघर गेले, त्याबरोबर संस्कारही गेले’ अशा आशयाचे पत्र गेल्या रविवारी वाचले. पण देव न मानणारा माणूस काही आभाळातून पडत नाही. बहुतेकदा तो देवघर असलेल्या घरातच वाढलेला असतो.

भगतसिंगांचेच पाहा. आजोबा पक्के आर्यसमाजी. लाहोरच्या डी.ए.व्ही. शाळेच्या वसतिगृहात असताना हा मुलगा सकाळ-संध्याकाळची प्रार्थना तर करीच, शिवाय तासन्‌तास गायत्री मंत्र जपत बसे. १९३० साली तुरुंगात लिहिलेल्या ‘मी नास्तिक का आहे’ या निबंधात त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे. फाशी होणार हे ओळखूनही ते प्रार्थनेकडे वळले नाहीत. हा निग्रह मला तरी त्या जपाचाच सख्खा भाऊ वाटतो.

आमचे घर माळकरी. विशीत माझा देव सुटला, माळ सुटली. मटण मात्र पासष्टीतही घशाखाली उतरत नाही. (याला नीती म्हणू नये, जिभेची सवय म्हणावी.) देव सुटायला सुरुवात झाली तीही कीर्तनातच. ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ असे टाळ कुटत म्हणायचे आणि आमच्याच शेतात राबणाऱ्या गड्याची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवायची! अभंग मनावर घेतला म्हणूनच ती कपबशी खुपली.

आता नीती उपजत असते का? २००६ मध्ये वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडला. बक्षिसाची लालूच नसताना मुले तो उचलून देऊ लागली. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठात सहा महिन्यांच्या बाळांनीही दुसऱ्या खेळण्याला अडवणाऱ्यापेक्षा त्याला मदत करणारे खेळणेच पसंत केल्याचे जाहीर झाले. मात्र हा दुसरा प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, तेव्हा ती पसंती दिसली नाही. २०२४ मध्ये ते निष्कर्ष आले. तेव्हा जरा दमानेच घ्यावे. माझ्यापुरते म्हणाल तर कळवळा उपजत असेलही, पण तो कोणाच्या दारापर्यंत जाऊ द्यायचा हे घर शिकवते.

आणि घराचे ते शिकवणे देवाबरोबर सुटत नाही. देव नाकारल्यावरही दहा वर्षे मी ती कपबशी कोनाड्यातच राहू दिली. एका सकाळी आईने ती उचलली, घासली आणि आमच्या कपांत मिसळून टाकली. आई शेवटपर्यंत एकादशी करत होती.

आपला,
एक वाचक, कराड