तान्ह्या बाळांच्या रक्त-अहवालातील एका आकड्याविषयी : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सन्माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

छातीत पाणी झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांच्या कानावर आपल्याकडे एक शब्द हमखास पडतो : एडीए. फुप्फुसाभोवतीचे पाणी सुईने काढून प्रयोगशाळेत पाठवतात आणि त्यातील एडीए लिटरला 40 युनिटांच्या वर निघाले, की डॉक्टरांना क्षयाची दाट शंका येते. एडीए म्हणजे ॲडेनोसिन डिअमिनेज हे एन्झाइम, शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे एक प्रथिन. त्या पाण्यात वाढतो तो बहुतांशी त्याचा दुसरा प्रकार, एडीए-2. हे पत्र मात्र पहिल्या प्रकाराविषयी आहे. छातीच्या पाण्यात एडीए वाढले तर काय समजावे हे आपल्या आरोग्ययंत्रणेला नीट ठाऊक आहे, पण एखादे बाळ या पहिल्या प्रकाराविनाच जन्माला आले तर ते वेळेत ओळखण्याची कोणतीही व्यवस्था आपण अद्याप उभी केलेली नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवताना प्युरीनचा, म्हणजे डीएनएच्या एका घटकगटाच्या विघटनाचा, मार्ग मी दरवर्षी फळ्यावर काढते. विद्यार्थ्यांचे लक्ष त्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे युरिक ॲसिड आणि त्यामुळे होणाऱ्या गाउट या सांध्यांच्या आजाराकडे, लगेच जाते. त्याआधीच्या पायरीवर एडीए हे ॲडेनोसिनचे इनोसिनमध्ये आणि डीऑक्सिॲडेनोसिनचे डीऑक्सिइनोसिनमध्ये रूपांतर करते, ही गोष्ट परीक्षेपुरती पाठ होते. हे एन्झाइम नसेल तर डीऑक्सिॲडेनोसिन साचते, पेशीत त्याचे डीऑक्सिएटीपी बनते, आणि डीएनए घडवण्यासाठी लागणारा कच्चा माल तयार करणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे दुसरे एन्झाइम त्यामुळे ठप्प होते. हा मारा सर्वांत आधी बसतो तो लिम्फोसाइटांना, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना. सिॲटलमधील एलोइस गिब्लेट यांना 1972 मध्ये रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या दोन मुलींच्या रक्तात हे एन्झाइम आढळलेच नाही, आणि तीव्र संयुक्त प्रतिकारशक्ती-अभाव, म्हणजेच स्किड, या आजाराचे एक रेणवीय कारण प्रथमच हाती लागले.

असे बाळ जन्मतः इतर बाळांसारखेच दिसते. पहिल्या काही महिन्यांत तोंडातला पांढरा थर जात नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते. पण मूळ कारण न सापडल्यामुळे त्या आईच्या पुढच्या बाळाचा धोका तसाच राहतो. दोष आईवडील दोघांकडून आलेला असल्याने हा धोका प्रत्येक गरोदरपणात चारात एक असतो, आणि आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत असे जोडपे जुळण्याची शक्यता अधिक असते. त्यात जन्मताच टोचली जाणारी बीसीजी आणि सहाव्या आठवड्यापासून पाजली जाणारी रोटाव्हायरसची लस या जिवंत लसी आहेत, म्हणजे त्यांत दुर्बल केलेले जिवंत जंतू असतात. निरोगी बाळाला त्या तारतात; स्किडच्या बाळात बीसीजीचे जंतू शरीरभर पसरू शकतात.

इंग्लंडने स्किडच्या चाचणीचा निकाल आधी हाती यावा म्हणून 2021 पासून बीसीजी 28 दिवसांनंतर देण्याची पद्धत सुरू केली. क्षयाचे प्रमाण पाहता आपण सरसकट तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या घरात आधी एखादे तान्हे बाळ जंतुसंसर्गाने दगावले आहे, तेथे लसीपूर्वी रक्त तपासणे आपल्याला सहज शक्य आहे. हा प्रश्न प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत असावा, आणि जन्मानंतर घरी भेटी देणाऱ्या आशाताईंच्या तक्त्यातही असावा.

माझी मुख्य मागणी मात्र सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, अहवालाविषयी आहे. दोन महिन्यांच्या आजारी बाळाच्या पांढऱ्या पेशी 7000 आणि लिम्फोसाइट 20 टक्के आल्या, असे समजा. अहवालात शेजारी प्रौढांची मर्यादा, 20 ते 40 टक्के, छापलेली असेल तर आकड्यापुढे कोणतीही खूण उमटत नाही आणि कागद फाइलला लागतो. प्रत्यक्षात त्या बाळाच्या लिम्फोसाइट 7000 च्या 20 टक्के, म्हणजे 1400 आहेत, आणि या वयात त्या सामान्यतः 3000 च्या वर असायला हव्यात. एडीएच्या अभावात टी, बी आणि एनके या तिन्ही प्रकारच्या लिम्फोसाइट घटत असल्याने हा आकडा येथे विशेष बोलका ठरतो. सरकारी प्रयोगशाळांच्या अहवालांत वयानुसार मर्यादा छापाव्यात आणि एक वर्षाखालील बाळाचा आकडा कमी आला तर बालरोग विभागाला त्याच दिवशी कळवावे, असा आदेश आपण काढावा. यासाठी नवे यंत्र लागत नाही.

त्यानंतरची पायरी म्हणजे एडीएची तपासणी. तिचा नमुना रक्त चढवण्यापूर्वीच घ्यायला हवा, कारण दात्याच्या तांबड्या पेशींत हे एन्झाइम असते आणि ते निदान झाकून टाकते. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांवर काम करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था मुंबईतच, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. जिल्हा रुग्णालयांतून तेथवर नमुना पोहोचवण्याची निश्चित साखळी तेवढी हवी.

निदान झाले तर पुढे वाट आहे. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, 2021 मध्ये स्किडचा समावेश आहे, 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाख रुपये झाली, आणि केईएम हे त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. अस्थिमज्जा-प्रत्यारोपण, बाहेरून एन्झाइम देणे आणि जनुकोपचार हे तिन्ही मार्ग एडीएच्या अभावात वापरले गेले आहेत. अमेरिकेत 1990 साली जनुकोपचाराचा पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला तो याच आजारावर. उत्तर अमेरिकेतील 2014 च्या एका अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या स्किडच्या बाळांपैकी 94 टक्के बाळे पाच वर्षांनंतर जिवंत होती. मदतीचा निधी बाळाच्या कामी येण्यासाठी हे आठवडे हाती असावे लागतात. सर्व नवजात बाळांची टाचेच्या रक्तठिपक्यावरील स्किडची चाचणी हे अंतिम उद्दिष्ट राहावे, आणि तिचा प्रारंभ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रसूतिगृहांपासून व्हावा.

वयानुसार मर्यादांचा तक्ता आणि नमुना पाठवण्याच्या सूचनांचा मसुदा आपल्या विभागासाठी विनामोबदला तयार करून देण्याची माझी तयारी आहे. आपण वेळ दिल्यास तो घेऊन मी मंत्रालयात येईन.

आपली नम्र,
जीवरसायनशास्त्राची एक अध्यापिका