पोट भरलं तरी गोडाला जागा असते ती कुठून येते?

मन्या,

तू लिहिलंयस की जेवताना शेवटी भाजीकडे बघवत नाही पण कोणी गोड आणलं की हात पुढे जातोच, आणि बायको म्हणते हा हावरटपणा. तिला सांग की हा हावरटपणा नाही, आणि पोटात दुसरी पिशवी पण नाहीये. एखादी गोष्ट खात गेलं की त्याच गोष्टीचा स्वाद, वास, पोत यांची गोडी कमी होत जाते, बाकीच्या पदार्थांची तेवढी होत नाही. बार्बरा रोल्स या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास हे दाखवलं, आणि गंमत म्हणजे हे काही मिनिटांतच सुरू होतं, पचन वगैरे व्हायच्या आधीच. म्हणून बुफेत आपण जास्त हाणतो, तिथे कंटाळा यायला वेळच मिळत नाही ना.

अजून भारी ऐक. २०१० मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग आला, लोकांना चॉकलेटच्या ३० गोळ्या एकेक करून खातोय अशी नुसती कल्पना करायला लावली, मग खरा बाऊल समोर ठेवला तर त्यांनी ३ गोळ्यांची कल्पना करणाऱ्यांपेक्षा कमी खाल्ल्या. चव तेवढीच आवडत होती, फक्त खावंसं कमी वाटलं. म्हणजे आवडणं आणि हवंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मला तर हेच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं.

आता लेकीचं, ती भाजी खात नाही त्याचं. एका बैठकीत खाऊन गोडी उतरते तरी बरेच दिवस थोडं थोडं चाखत राहिलं तर नावडतं पण आवडायला लागतं, मुलांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा दिसलंय, पण त्याला आठ-दहा वेळा सुद्धा लागू शकतात आणि आपण दोन-तीनदातच 'हिला आवडतच नाही' म्हणून मोकळे होतो. नुसतं बघून भागत नाही हं, जिभेला लागायला हवं. आणि 'भाजी खाल्लीस तर चॉकलेट' हे बंद कर बाबा, त्याने भाजी म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसतं. हां, पण एखादं खाऊन उलट्या झाल्या असतील तर हे सगळं विसर, तो तिटकारा एकदाच्या खाण्याने बसू शकतो आणि वर्षानुवर्षं टिकू शकतो.

एक घास, जबरदस्ती नाही, पुढच्या आठवड्यात परत. काय म्हणते ती ते कळव.

तुझा,
बाळ्या