के-१८ पाणबुडीच्या प्रदर्शनासाठी हातभार लावा, पैसे नसले तरी हात चालतील

नमस्कार मंडळी, आपल्या वाचनालयाच्या विज्ञान गटाकडून हे लिहितोय. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रदर्शन ठेवतोय, विषय के-१८ ही डच पाणबुडी. युद्धाबिद्धाचं नाहीये, तिने समुद्राखालून जे गुरुत्वाकर्षण मोजलं त्याचं आहे.

ही बोट रॉटरडॅमला बांधली, १९३४ मध्ये नौदलात आली. नावातला के वसाहतींचा, म्हणजे जावा-सुमात्रावरची डच सत्ता राखायलाच ही बांधली होती, ते आपण प्रदर्शनात स्पष्ट लिहिणारच आहोत. पण तिला तिकडे पोचवताना सुएझचा जवळचा रस्ता धरलाच नाही. १४ नोव्हेंबर १९३४ ला डेन हेल्डरहून निघाली ती अटलांटिक ओलांडून ब्राझील, अर्जेंटिना, मग परत उलटी केपटाऊन, मॉरिशस, ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल असं करत ११ जुलै १९३५ ला जावातल्या सुराबायाला लागली. २० हजार सागरी मैलांच्या वर! कशासाठी, तर आत डच भूभौतिकशास्त्रज्ञ प्राध्यापक वेनिंग मायनेस होते, गुरुत्वाकर्षण मोजायचं लंबकाचं यंत्र घेऊन.

गंमत अशी की लंबकाचा झोका गुरुत्वाकर्षणावर ठरतो. एक मीटरच्या लंबकाचे १०० झोके विषुववृत्तावर घ्या आणि ध्रुवावर घ्या, फरक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा, आणि यांना तर त्याहून कितीतरी बारीक फरक हवा होता. जहाजावर ते जमेना कारण लाटा सगळंच हलवतात, पण पाणबुडी खोल गेली की लाटांचा जोर कमी होतो, आणि उरलेलं हलणं काढून टाकायला मायनेस शेजारी शेजारी दोन लंबक झुलवून त्यांच्यातला फरक फोटोच्या कागदावर उतरवायचे. १९२३ पासून के-२ आणि नंतरच्या बोटींमधून हे चालूच होतं. त्यातूनच कळलं की सुमात्रा-जावाच्या बाहेरून समुद्रात एक लांबलचक पट्टा आहे जिथे गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा कमी भरतं, कारण तिथे पृथ्वीचं कवच खाली खेचलं जातंय. २००४ ची त्सुनामी ह्याच भागातून उठली आणि आपल्या अंदमान-तमिळनाडूपर्यंत आली, पोरांना हे जोडून दाखवायचंय.

पुढे १९४२ च्या जानेवारीत बोर्निओ बेटावरच्या बालिकपापानजवळ जपान्यांशी झालेल्या लढाईनंतर तिचं नुकसान झालं आणि मार्चमध्ये सुराबायाला डचांनी स्वतःच बुडवली.

आता मुद्द्याचं. बोट साधारण ७३ मीटरची होती, आपण १:२० चं उभं कापलेलं मॉडेल करतोय, साधारण ३.६५ मीटर लांब, आणि खरा दोन लंबकांचा स्टँड, मुलांनी स्टॉपवॉच लावून स्वतः झोके मोजायचे. एकूण खर्च २४ हजार, ९ हजार जमलेत. कुणाकडे लेथ असेल तर पितळेचे दोन सारख्या वजनाचे गोळे करून द्या, हे सगळ्यात अडलंय, बाजारातले सारखे निघतच नाहीत. प्लायवूडचे उरलेले तुकडे, जुना रंग, वेल्डिंगवाला ओळखीचा, काहीही चालेल. आणि पोस्टरचं मराठी तपासायला दोघं-तिघं हवेत.

संध्याकाळी ६ ते ८ वाचनालयात कुणीतरी असतंच, पैसे दिले तर पावती मागून घ्या, आणि हिशेब प्रदर्शनाच्या दाराशीच लावणार आहोत. गोळ्यांचं या आठवड्यात कळलं तर फार बरं होईल.