नुसती ॲसिडिटी नव्हे

ठाणे, रविवार दुपार

प्रिय शुभे,

परवा फोनवर "काही नाही गं, ॲसिडिटी" म्हणालीस आणि मला धस्स झालं. गेल्या महिन्यात मीही तेच म्हणत होते. सासूबाईंच्या गोळ्या आणायला हे पुन्हा विसरले, वर मलाच म्हणे, "तू आठवण का नाही केलीस?" मी नेहमीसारखी गप्प. डबे भरले, स्टेशन गाठलं. गाडीत जबडा आवळून आला, पाठीत खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं, मळमळ, दरदरून घाम. छाती फक्त जड. एका मुलीने उठून मला बसायला दिलं (आठच्या फास्टला, लेडीज डब्यात! कशी दिसत असेन बघ) आणि मुलुंडला हात धरून उतरवलं.

हार्टचं असेल म्हणून ईसीजी काढला, रक्त तपासलं; सगळं ठीक निघालं. बीपी तेवढं १७०. डॉक्टर म्हणाले, "ताई, राग कमी करा." मी कुठे चिडले होते? तोंडातून अक्षर काढलं नव्हतं!

मग हट्टाने वाचत बसले. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २८० निरोगी माणसं घेतली. त्यातल्या काहींना ८ मिनिटं चीड आणणारा प्रसंग आठवायला लावला. त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैलावण्याची ताकद घटली, ती ४० मिनिटांपर्यंत. म्हणजे ठाण्याला चढल्यापासून भायखळा येईस्तोवर! दुःख किंवा काळजी आठवणाऱ्यांचं तसं झालं नाही.

पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयविकाराच्या पाहणीत, २००७ साली छापलेल्या, नवऱ्याशी वाद झाला की गप्प बसणाऱ्या बायकांना दहा वर्षांत मृत्यूचा धोका चौपट दिसला. हृदयविकारानेच असं नाही, एकूणच. पुरुषांच्या गप्प बसण्याने काही बिघडलं नव्हतं. आपल्याला लहानपणापासून गिळायलाच शिकवलं ना गं!

आता यांना तोंडावर सांगितलं, गोळ्यांचं तुम्ही बघायचं. दोन दिवस फुगून होते. परवा स्वतःच डबी भरत बसले, तीही उलटीसुलटी.

आपली दोघींची पाळी जाऊन वर्षं झाली, तुला शुगर आहे, म्हणजे हृदयाला जपायलाच हवं. उद्याच ईसीजी काढ. एकटी जाऊ नकोस, मी साडेदहाला तलावपाळीला रंगायतनपाशी उभी असेन.

तुझी,
मंगल